प्रबंध चढवला, पण तो सापडतो का?

रिपॉझिटरीचं, म्हणजे संस्थेतले प्रबंध आणि लेख ऑनलाइन ठेवणाऱ्या संग्रहाचं, काम हाती आलं तेव्हा मला ते सोपं वाटलं होतं. प्रबंधाची पीडीएफ चढवायची, रकाने भरायचे, नोंद मंजूर करायची. पहिले काही महिने मी तेच केलं आणि दर महिन्याच्या अहवालात नोंदींचा वाढता आकडा अभिमानाने लिहिला. मग एक प्राध्यापिका आल्या. त्यांनी माझ्याच संगणकावर गुगल स्कॉलर हे संशोधन-लेखनाचं शोधयंत्र उघडून स्वतःच्या लेखाचं पूर्ण शीर्षक टाकलं. लेख आमच्याकडे होता, सगळ्यांसाठी खुला होता. शोधात मात्र फक्त प्रकाशकाचं पान आलं, आणि तिथे पैसे भरल्याशिवाय सारांशापुढे जाता येत नव्हतं. "मग तुमच्याकडे देऊन काय झालं?" त्यांनी विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

या कामात नव्याने येणाऱ्यांना म्हणूनच मी आधी एक गोष्ट करायला सांगते. आपल्या संग्रहातल्या कुठल्याही दहा नोंदी घ्या. लॉगिन न करता, संस्थेच्या नेटवर्कबाहेरून त्यांची शीर्षकं शोधून पाहा. आपण मुखपृष्ठ सजवण्यात, संग्रहांची उतरंड लावण्यात दिवस घालवतो. वाचक मात्र बहुतेक वेळा शोधयंत्रातून थेट एखाद्या पीडीएफवर येतो. मुखपृष्ठ त्याला दिसतही नाही.

आमचं घोडं मेटाडेटात, म्हणजे प्रत्येक नोंदीसोबतच्या माहितीत, अडलं होतं. ग्रंथालयशास्त्र शिकताना अशा माहितीचं डब्लिन कोअर हे प्रमाण पाठ केलेलं असतं: 1995 मध्ये ओहायोतल्या डब्लिन इथल्या बैठकीतून निघालेलं, पंधरा घटकांचं. रिपॉझिटऱ्यांमधून नोंदी गोळा करणाऱ्या बेस, कोअर यांसारख्या सेवांना ते चालतं. ओएआय-पीएमएच या देवाणघेवाणीच्या नियमावलीत साधं डब्लिन कोअर सक्तीचंच आहे. पण या पंधरा घटकांत नियतकालिकाचं नाव, खंड, अंक, पहिलं पान, शेवटचं पान यांना स्वतंत्र जागा नाही. गुगल स्कॉलरला नेमकं तेच लागतं. डब्लिन कोअरचे टॅग (पानाच्या कोडमधल्या, यंत्रांसाठीच्या खुणा) दुसरा पर्याय नसेल तरच वापरा, असं त्यांच्या सूचनांतच लिहिलंय. त्यांना हवे असतात हायवायर प्रेससारख्या पद्धतींचे टॅग: शीर्षक, प्रत्येक लेखकासाठी वेगळा टॅग, प्रकाशनाची तारीख, पीडीएफचा थेट पत्ता. डीस्पेस, ईप्रिंट्स ही रिपॉझिटरीची सॉफ्टवेअरं असे टॅग आपोआप तयार करतात, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. पण कुठल्या रकान्यातून कुठला टॅग बनतो हे एका जुळणीवर ठरतं. आमच्याकडे कुणीतरी पूर्वी तारखेचा स्वतःचा वेगळा रकाना केला होता आणि तो त्या जुळणीत नव्हताच. त्यामुळे कित्येक पानांवर प्रकाशनाची तारीखच उमटत नव्हती. काही प्रबंधांत तर मार्गदर्शकाचं नाव लेखकाच्या रकान्यात होतं. नोंदीचं पान उघडून त्याचा सोर्स, म्हणजे पानामागचा कोड, वाचायला शिका. प्रोग्रामिंग यावं लागत नाही, 'सायटेशन'ने सुरू होणाऱ्या ओळी तेवढ्या पाहायच्या.

तारखेबद्दल आणखी एक. प्रकाशनाची तारीख वेगळी आणि आपण फाईल चढवली ती तारीख वेगळी. या दोन्हींची गल्लत झाली की 1987 चा प्रबंध या वर्षीचा म्हणून दिसतो.

मग फायली. स्कॅन केलेली पीडीएफ म्हणजे नुसती चित्रं असतात. ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर, केल्याशिवाय त्यातला एक शब्दही शोधता येत नाही. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टांतला देवनागरी मजकूर तर जास्त फसवा, कारण डोळ्यांना तो छान दिसतो. दोन ओळी कॉपी करून दुसरीकडे चिकटवा. अगम्य अक्षरं आली तर शोधयंत्रालाही तीच दिसतात. प्रबंधाच्या प्रत्येक प्रकरणाची वेगळी फाईल करण्याची पद्धत मी बंद करवली. स्कॉलरला एक लेखन एका फाईलमध्ये लागतं, तेही 5 एमबीच्या आत.

लेखकांच्या नावांसाठी ऑर्किड घ्या. सोळा अंकी, 2012 पासून चालू असलेला, संशोधकाची ओळख पटवणारा क्रमांक. एकाच व्यक्तीची आद्याक्षरं तीन तऱ्हांनी लिहिलेल्या नोंदी जुळवण्यात मी जेवढा वेळ घालवला, तेवढ्यात सगळ्यांचे क्रमांक गोळा झाले असते.

संगणक विभागाशी ओळख वाढवा, हे मी मनापासून सांगते. रोबोट्स.टीएक्सटी या लहानशा फाईलमधली एक ओळ अख्खा संग्रह शोधयंत्रांपासून लपवू शकते. हल्ली एआय कंपन्यांचे बॉट (आपोआप पानं वाचत फिरणारे प्रोग्राम) सर्व्हरवर इतका ताण आणतात की वैतागून सरसकट बंदी घातली जाते, आणि ज्यांनी यायलाच हवं ते शोधयंत्रांचे बॉटही बाहेर राहतात. असं करताना आम्हालाही विचारा, एवढं त्यांना आधीच सांगून ठेवा. साइट नव्या रूपात आणायची ठरली तरी हँडल आणि डीओआय हे कायमचे पत्ते जुन्या नोंदींवरच पोचतात ना, हे स्वतः तपासा.

हे सगळं दुरुस्त केल्यावर मी रोज त्या प्राध्यापिकांचं शीर्षक शोधून पाहायचे. काही होईना. आधी घेतलेल्या नोंदींतले बदल स्कॉलरमध्ये दिसायला सहा ते नऊ महिने, कधी त्याहून जास्त लागतात, हे मला नंतर कळलं. त्यामुळे वरिष्ठांना पुढच्या महिन्याच्या अहवालाचं वचन देऊ नका. आणि नवी नोंद मंजूर करण्याआधी तारीख, लेखक आणि फाईल या तीन गोष्टी पुन्हा एकदा पाहा. तिथली दोन मिनिटं नंतरचे नऊ महिने वाचवतात.