फीडरवर नवीन लागताय? लाईट गेल्यावर काय करायचं ते आधी वाचा

आयटीआयमधून एओसीपी (केमिकल प्लांट ऑपरेटरचा ट्रेड) करून लोट्याला, महाडला, रोह्याला केमिकल कंपन्यांत लागणाऱ्या पोरापोरींसाठी लिहितोय. फीडर म्हणजे हॉपरमधली, म्हणजे वरच्या नरसाळ्यासारख्या टाकीतली पावडर स्क्रू फिरवून पुढे ढकलणारं मशीन. स्क्रू कन्व्हेअर म्हणजे काय, रोटरी व्हॉल्व्ह कसा चालतो, हॉपर का चोक होतो हे सरांनी शिकवलेलं असतं, ते परत उगाळत नाही. हेल्मेट-गॉगलचं पण नाही. एकच गोष्ट नीट सांगायचीय, बाकीचं जाता जाता.

पहिला लोचा म्हणजे फीडरला कोणी घाबरतच नाही. रिॲक्टरला घाबरतात, ॲसिडच्या लाईनपासून चार हात लांब राहतात, पण स्क्रू आपला संथ फिरत असतो, बघून वाटतं हात घालून ढेकूळ पटकन काढू. हिशोब करून बघा. मोटर तीन एचपीची, १४४० आरपीएम, पुढे ३० ला १ चा गिअरबॉक्स, म्हणजे स्क्रू ४८ ने फिरणार. वेग तीस पट उतरला की जोर जवळपास तेवढाच चढतो. एक फुटी स्क्रू असेल तर पात्याच्या कडेला अडीचशे किलोच्या आसपास जोर येतो, गिअरबॉक्सचा लॉस धरूनसुद्धा. तुमच्या हातामुळे तो थांबेल आणि ओव्हरलोड रिले (जास्त लोड आला की मोटर बंद करणारा) ट्रिप होईल या भ्रमात राहू नका, रिलेला ट्रिप व्हायला लागणारा वेळ मनगटाला परवडणारा नसतो.

आता मेन मुद्दा. आपल्याकडे जूनपासून लाईटचा भरवसा नाही. त्याच दिवसांत हवा इतकी दमट की पावडर पाणी धरते, ढेकळं होतात, हॉपरमध्ये मालाची कमान बसते, खाली काही उतरत नाही आणि फीडर रिकामा फिरतो. मग लाईट गेली की कोणीतरी सीनियर हमखास म्हणतो, "चल रे, आत्ताच साफ करून घेऊ, मशीन बंदच आहे." माझ्या पहिल्याच पावसाळ्यात मला असंच पाठवलं होतं. हॅच (फीडरवरचं झाकण) उघडून गजाने ढोसत होतो आणि डीजी, म्हणजे डिझेल जनरेटर, लोडवर आला. गज हातातून हिसकला गेला आणि हॅचच्या कडेला अडकून काटकोनात वाकला. गजाऐवजी हात असता तर हे टाईप करायला दुसरं कोणी बसवावं लागलं असतं.

असं का होतं ते समजून घ्या, कारण सगळी मशीन सारखी नसतात. साध्या हिरव्या-लाल बटणाच्या स्टार्टरला लाईट गेली की कॉन्टॅक्टर (मोटरला वीज जोडणारा स्विच) सुटतो आणि परत स्टार्ट दाबल्याशिवाय मोटर उठत नाही. तुम्ही आयटीआयत हेच बघितलेलं असतं म्हणून डोक्यात बसतं की लाईट गेली म्हणजे बंद. पण सिलेक्टर स्विच ऑटोवर असेल तर तो ऑटोवरच राहतो. खालच्या टाकीचा लेव्हल स्विच "माल पाहिजे" म्हणत असेल तर तो तसाच म्हणत राहतो. पीएलसी (मशीनला कमांड देणारा कंट्रोलर) यूपीएसवर असेल तर त्याला लाईट गेल्याचं कळलेलंही नसतं, रन कमांड तशीच उभी. सप्लाय आला की फीडर आपोआप चालू, बऱ्याच ठिकाणी हूटरसुद्धा नाही. आणि ऑटो चेंजओव्हरचा, म्हणजे लाईट गेली की आपोआप लोड घेणारा डीजी असेल तर तुमच्याकडे पाच मिनिटं नसतात, दहा-पंधरा सेकंद असतात.

इमर्जन्सी स्टॉप दाबला की झालं ना? नाही झालं. तो कंट्रोल सर्किट तोडतो, मोटरची पॉवर आयसोलेट करत नाही, आणि मागून येणारा दुसरा कोणी "हा कोणी दाबून ठेवला" म्हणत पिरगाळून सोडतो. पुल कॉर्डचंही (ओढली की मशीन थांबवणारी दोरी) तेच, वर आपल्या खाऱ्या हवेत ती दोरी आणि स्विच गंजून कधी बसतात कळत नाही. आयसोलेटर (मोटरची पॉवरच तोडणारा मेन स्विच) ऑफ, त्याला तुमचं कुलूप, किल्ली तुमच्या खिशात. १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टच्या कलम २४ मध्येच होतं की चुकून ऑफचा ऑन होऊ शकेल अशा स्विचला लॉक करायची सोय हवी. म्हणजे हे काही फॉरेन कंपन्यांचं फॅड नाही.

कुलूप लावलं तरी एक फसगत उरते आणि ती चांगल्या चांगल्यांना कळत नाही. लॉक केल्यावर स्टार्ट दाबून बघायचं असतं, बरोबर? पण लाईट नसताना स्टार्ट दाबून मशीन चाललं नाही याचा अर्थ काहीच होत नाही, ते तसंही चालणार नव्हतं! पॅनलवरची अक्षरं पुसलेली, तुम्ही फीडर एकच्या ऐवजी दोनला कुलूप घातलंय आणि ट्राय एकदम ओके. म्हणून सप्लाय येईपर्यंत थांबा, सिलेक्टर मॅन्युअलला घेऊन स्टार्ट दाबा, नाही फिरला तर सिलेक्टर ऑफ, मगच हॅच उघडा. इनचार्ज कुरकुरेल. कुरकुरू दे. स्लाईड गेट (मालाची सरकती झडप) हवेवर चालत असेल तर एअर बंद करून लाईनमधली हवा पण सोडा, तो विजेची वाट बघत नाही.

बाकी थोडक्यात. फिरत्या भागाजवळ हँडग्लोव्हज नकोत, ग्लोव्ह अडकला की बोटासकट जातो. श्रावणातली राखी, हातातलं कडं, खांद्यावरचा टॉवेल, रेनकोटची लोंबती नाडी, मुलींची ओढणी, सगळं लॉकरमध्ये. हॉपरमधल्या मालावर उभं राहायचं नाही, खाली पोकळ असू शकतं. गार्डचे बोल्ट गंजून बसतात, फिटर ग्राइंडरने कापतो आणि नंतर गार्ड बाइंडिंग वायरने बांधून देतो, तसा गार्ड दिसला तर तो नाहीच असं समजा.

आणि गुरू कोणाला करायचं? वीस वर्षं झालीत, काही झालं नाही असं सांगणाऱ्याला नक्कीच नाही. माझं मत विचाराल तर इलेक्ट्रिशनला चहा पाजा, कुठला फीडर सप्लाय आल्यावर आपोआप उठतो हे त्यालाच ठाऊक असतं. ४ मार्चला, राष्ट्रीय सुरक्षा दिनाला, बिल्ला लावून शपथ घेतात ती घ्याच, पण त्यात हे नसतं.

घाबरून नोकरी सोडू नका मात्र. कामाला हात बसतो, फीडरच्या आवाजावरून चोक ओळखायला लागाल, मला तर त्यात मजा येते अजून. कंत्राटदाराकडे पहिल्या दिवशीच कुलूप मागा, नाही दिलं तर खेडच्या बाजारातून स्वतःचं घ्या, शे-दोनशे रुपयांचं काम, ऑइल पेंटने नाव घाला. सोबत येणारी दुसरी किल्ली घरी ठेवा, कंपनीत आणूच नका.