बटण हलवण्याआधी भिंतीतले वायरिंग ओळखणे

दिव्याच्या साध्या बटणाला दोनच वायरी लागतात. एकीतून फेज, म्हणजे वीज आणणारी चालू लाइन, येतो आणि दुसरीतून तो दिव्याकडे जातो. तरीही जुन्या घरातला बोर्ड उघडला की आतून पाच-सात वायरी निघतात, त्यांतल्या काही एकाच रंगाच्या असतात आणि आपल्या बटणाच्या दोन कोणत्या हे नुसते पाहून सांगता येत नाही. उरलेल्या वायरी त्या बॉक्समध्ये पाहुण्यासारख्या असतात. त्या पुढच्या बटणाकडे, पलीकडच्या खोलीकडे किंवा एखाद्या प्लगकडे निघालेल्या असतात. बटण हलवताना होणारे बहुतेक घोटाळे या पाहुण्या वायरींचे असतात. बटण नव्या जागी व्यवस्थित चालू होते आणि शेजारच्या खोलीत अंधार होतो. म्हणून छिन्नी-हातोडा हातात घेण्यापूर्वी कोणती वायर कोणाची, हे कागदावर उतरले पाहिजे. अनेक ठिकाणी घरातल्या पक्क्या वायरिंगचे काम परवानाधारक वायरमननेच करावे असा नियम असतो. तसे असेल तर तपासणीचे कामही त्याच्याकडूनच करून घ्यावे.

दिवा विझला म्हणजे बोर्डातली वीज गेली, असे समजू नये. एकाच बोर्डावर दोन वेगवेगळ्या एमसीबींवरून (जास्त करंट गेल्यास आपोआप पडणाऱ्या स्विचांवरून) सप्लाय आलेला असू शकतो, आणि घरात इन्व्हर्टर असेल तर मेन स्विच बंद केल्यावरही त्याची लाइन चालूच राहते. त्यामुळे मेन स्विच आणि इन्व्हर्टरचे आउटपुट दोन्ही बंद करावे, कोणी मध्येच चालू करू नये म्हणून तेथे चिठ्ठी चिकटवावी, आणि मग बोर्डातले प्रत्येक टर्मिनल (वायर कसण्याची जागा) तपासावे. या तपासणीसाठी पेचकसासारख्या निऑन टेस्टरवर विसंबणे धोक्याचे आहे. त्याचा दिवा आपल्या शरीरातून जाणाऱ्या अत्यल्प करंटवर पेटतो, त्यामुळे कोरड्या लाकडी स्टुलावर उभे असताना किंवा लख्ख उजेडात तो पेटल्याचे दिसतच नाही. दोन टोकांचा व्होल्टेज टेस्टर किंवा चांगल्या प्रतीचा मल्टिमीटर वापरावा. तो आधी जेथे वीज नक्की आहे अशा ठिकाणी लावून पाहावा, मग बंद केलेल्या टर्मिनलवर लावावा आणि शेवटी पुन्हा पहिल्या ठिकाणी लावावा, म्हणजे मधल्या वेळात उपकरणच बिघडले नव्हते याची खात्री होते. सुट्या वायरीवर डिजिटल मल्टिमीटर कधीकधी वीस-चाळीस व्होल्ट किंवा त्याहूनही अधिक दाखवतो. शेजारून जाणाऱ्या चालू वायरीच्या प्रभावाने हा आकडा येऊ शकतो, परंतु तो अंदाजाने सोडून देऊ नये. कमी इम्पीडन्सवर, म्हणजे मोजताना वायरीतून थोडा करंट ओढून, मोजणाऱ्या उपकरणाने पुन्हा मोजावे. तसा खोटा आकडा लगेच कोसळतो आणि खरा टिकून राहतो.

यानंतर, एकही स्क्रू ढिला करण्यापूर्वी, बोर्डाच्या आतला स्पष्ट फोटो घ्यावा आणि हाताने एक आकृती काढावी. फोटोत कोणत्या टर्मिनलखाली किती वायरी आहेत हे झाकले जाते, आकृती काढताना मात्र ते मोजावेच लागते. प्रत्येक वायरीला चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर क्रमांक लिहावा.

रंगाने दिशा कळते, पुरावा मिळत नाही. भारतात काळी वायर न्यूट्रलची, म्हणजे वीज परत नेणाऱ्या लाइनची, मानतात, अमेरिकेत काळी फेजची आणि पांढरी न्यूट्रलची. युरोपात तपकिरी फेज आणि निळी न्यूट्रल, तर भारतातल्या थ्री-फेज वायरिंगमध्ये निळीही फेजचीच असते. ब्रिटनमध्ये २००४ साली लाल-काळ्याच्या जागी तपकिरी-निळे आले, त्यामुळे तेथे एकाच घरात दोन्ही पद्धती सापडतात. त्यात भर म्हणजे वायर कमी पडली की हाताशी असलेल्या रंगाचा तुकडा जोडणारे कारागीर सगळीकडेच असतात.

आता टर्मिनल पाहावे. समजा, बटणाच्या एका टर्मिनलखाली दोन वायरी एकत्र पिळून घातल्या आहेत आणि दुसऱ्या टर्मिनलखाली एकच वायर आहे. बहुतेक वेळा पिळलेली जोडी म्हणजे आलेला फेज आणि पुढे गेलेला फेज, तर एकटी वायर दिव्याची असते. एकाच बोर्डावर तीन-चार बटणे असतील तर फेज छोट्या तुकड्यांनी एका बटणावरून दुसऱ्यावर नेलेला दिसतो. यातला मधला तुकडा काढला तर पुढची सगळी बटणे मरतात. बोर्डात न्यूट्रल मुळीच नसेल, तरी काही चुकले आहे असे नव्हे. फेज आधी छतावरच्या दिव्याकडे नेऊन तेथून केवळ दोन वायरी बटणापर्यंत उतरवण्याची पद्धतही प्रचलित आहे. अशा जोडीतली एक वायर न्यूट्रलच्या रंगाची असली, तरी तिच्यात फेजच असतो.

हे सारे अंदाज मल्टिमीटरच्या बीपने (त्याची दोन टोके वायरीतून जोडली गेली की वाजणाऱ्या) पक्के करावेत. वीज बंदच ठेवून दिवा होल्डरमधून काढावा आणि संशय असलेली वायर बटणावरून सोडवावी. होल्डरकडची दोन टोके हाती येतील तेथे त्यांवर मीटर धरावा आणि दुसऱ्या माणसाला बोर्डापाशी ती वायर त्याच बोर्डातल्या न्यूट्रलला क्षणभर टेकवायला सांगावे. टेकवल्यावर बीप आणि उचलल्यावर शांतता, असे दोन-तीनदा घडले म्हणजे ही वायर दिव्याचीच. बोर्डात न्यूट्रल नसेल तर एक लांब सुटी वायर बोर्डापासून होल्डरपर्यंत जमिनीवरून नेऊन परतीसाठी वापरता येते. दिवा काढणे मात्र विसरू नये, कारण त्याच्यातून गेलेला संदेश मीटरला फसवतो.

बटणाला तीन टर्मिनल असतील आणि तोच दिवा दोन ठिकाणांहून चालत असेल, तर ते टू-वे बटण आहे. त्यात कॉमन टर्मिनलवरची (बटण कोणत्याही बाजूला असले तरी जे जोडात राहते त्यावरची) वायर कोणती, याची नोंद सर्वांत महत्त्वाची आहे. उरलेल्या दोघींची अदलाबदल झाली तर बटणाची वर-खालीची दिशा तेवढी उलटते, पण कॉमनची वायर चुकली की दिवा एका बटणाच्या ठरावीक स्थितीतच लागतो. चार टर्मिनलचे बटण म्हणजे जिन्यासारख्या ठिकाणचे मधले बटण. त्याच्या जोड्या फोडू नयेत.

बॉक्सच्या तळाशी न्यूट्रलचा जुडगा सापडला तर तो शक्यतो उघडू नये. जुन्या वायरिंगमध्ये एका सर्किटने दुसऱ्याचा न्यूट्रल उसना घेतलेला असतो, आणि तो जोड सुटला की चालू दिव्यातून आलेली वीज मोकळ्या टोकावर येते, मग आपण बंद केलेली एमसीबी खाली असली तरी. यासाठीच एका एमसीबीवर न थांबता मेन स्विच बंद करायला सांगितले.

आकृती पूर्ण झाली की बटण कसे हलवायचे हे जवळजवळ ठरूनच जाते. पाहुण्या वायरी असतील तर जुना बॉक्स काढू नये, त्यावर कोरे झाकण बसवून त्याचाच जंक्शन बॉक्स करावा. तेथून फक्त आपल्या दोन वायरी, आणि आवश्यक तेथे अर्थिंग, मूळ वायरीइतक्याच किंवा अधिक जाडीच्या वायरीने नव्या जागी न्याव्यात. जोड प्लास्टरखाली गाडू नये. जुनी वायर ॲल्युमिनियमची निघाली तर तिला तांब्याची वायर पिळून जोडू नये, कारण तो जोड कालांतराने ढिला होऊन तापतो. त्यासाठी वेगळे कनेक्टर मिळतात.

भिंत बुजवण्यापूर्वी वीज चालू करून त्या सर्किटवरचा प्रत्येक दिवा आणि प्लग चालवून पाहावा. मग बटण बंद ठेवून होल्डरच्या दोन्ही टोकांचे अर्थिंगशी व्होल्टेज मोजावे. दिवा विझलेला असतानाही तेथे पुरा फेज मिळत असेल, तर बटण न्यूट्रलच्या वायरीत बसलेले आहे, आणि ते फेजवर आणल्याशिवाय प्लास्टर करू नये.