मुलासोबत ट्रेकला जाताय? मग पुढे तुम्ही चाला

मुलगा सुट्टीला घरी आला की ट्रेक ठरतोच आणि दरवेळी तेच, तो भराभर पुढे जाऊन बसणार, आपण धापा टाकत पोचलो की हा लगेच उठून चालायला लागणार, म्हणजे आराम फक्त त्यालाच!

१. हळू चालणारा पुढे, त्याने मागून यायचं.
२. जड सामान सगळं त्याच्या सॅकमध्ये, आपोआप त्याचाही स्पीड उतरतो (हे त्याला सांगू नका).
३. चढताना गप्पा मारता येत नसतील तर वेग कमी करा.
४. उतरायच्या आधी बुटाच्या लेस घोट्याजवळ घट्ट बांधा, नाहीतर बोटं पुढे आपटून नखं काळीनिळी होतात.

फक्त पाण्याची एक बाटली आणि आपली औषधं आपल्याजवळच ठेवा, चुकामूक झाली तर पंचाईत नको.