नवा एक्स्चेंजर मागण्याआधी एक फेरी मारा

रिफायनरीच्या क्रूड युनिटवर, म्हणजे कच्चं तेल (क्रूड) तापवून त्याचे घटक वेगळे करणाऱ्या विभागात, नव्याने आलेला इंजिनिअर साधारण सहा महिन्यांत एक कागद घेऊन येतो. फर्नेसला (क्रूड तापवणाऱ्या भट्टीला) जाणाऱ्या क्रूडचं तापमान घसरलंय, प्रीहीट ट्रेनमध्ये, म्हणजे बाहेर पडणाऱ्या गरम तेलांची उष्णता क्रूडला देणाऱ्या एक्स्चेंजरांच्या रांगेत, आणखी एक एक्स्चेंजर बसवू या. हिशोब बहुतेक वेळा बरोबर असतो. मी विचारायचो, ‘फील्डवर जाऊन आलास का?’ पश्चिम किनाऱ्यावरच्या एका रिफायनरीत फील्ड ऑपरेटर म्हणून लागलो आणि शिफ्ट इन्चार्ज म्हणून निवृत्त झालो. त्यामुळे खालचं सगळं कंट्रोल रूमच्या पॅनलपेक्षा पाइपांच्या जंगलात शिकलेलं आहे.

आधी एका अंशाची किंमत काढा, म्हणजे वरचे लोक तुमचं ऐकून घेतील. युनिट तासाला ७५० टन क्रूड घेतं असं धरा. एक किलो क्रूड एका अंशाने तापवायला त्या टप्प्यावर साधारण ०.६५ किलोकॅलरी लागते. म्हणजे एका अंशाला तासाला ४,८७,५०० किलोकॅलरी. फर्नेसची कार्यक्षमता ८८ टक्के आणि इंधनाची उष्णता किलोला १०,००० किलोकॅलरी धरली, तर तासाला ५५ किलो, दिवसाला तेराशे किलोच्या वर इंधन. प्रीहीट आठ अंशांनी पडला की रोज दहा टन जादा जळतात. हा आकडा आपल्या युनिटचा काढून डायरीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

मग प्रत्येक एक्स्चेंजरच्या चारही तोंडांची (क्रूड आणि गरम तेल, दोन्हींचं आत जाताना आणि बाहेर येताना) तापमानं घ्या. लॉगशीटवरून नको, स्वतः जाऊन घ्या. इन्फ्रारेड बंदूक चकचकीत ॲल्युमिनियमच्या क्लॅडिंगवर मारलीत तर ती पत्र्यातलं प्रतिबिंब मोजते आणि तुम्ही ते इमानदारीने लिहून आणता. नोझलजवळ इन्सुलेशन उघडलेली जागा हवी, उघड्या धातूवर उष्णता सोसणाऱ्या काळ्या रंगाचा ठिपका हवा. थर्मोवेल (तापमापक घालायला पाइपात बसवलेली नळी) असेल तर त्याहून उत्तम. एका फेरीतले सगळे आकडे तास-दीड तासात घ्या, मध्ये क्रूडची टाकी बदलली की सगळं वाया.

या फेरीत पहिली नजर टाका बायपासवर, म्हणजे एक्स्चेंजर टाळून क्रूड पुढे नेणाऱ्या पाइपावर. आमच्याकडे एक एक्स्चेंजर दोन वर्षं ‘फाऊल झालाय’ (आत थर साचलाय) म्हणून बदनाम होता. क्रूड १९० ला आत जायचं, पुढच्या पाइपावर २१९ दिसायचं. सगळ्यांनी ट्यूबांना दोष दिला. एका रात्रपाळीत एक्स्चेंजरच्या अगदी तोंडाशी मोजलं तर २२८! म्हणजे बंद समजलेला बायपास व्हॉल्व्ह आतून गळत होता आणि जवळजवळ चौथा हिस्सा क्रूड न तापता पुढे जात होतं. शटडाऊनमध्ये व्हॉल्व्ह बदलला. आता नऊ अंश मिळतील असं कुणी समजू नये. सगळं क्रूड आतून जायला लागल्यावर तोंडाचं तापमानही थोडं उतरलं, आणि पुढच्या एक्स्चेंजरना क्रूड आधीच तापलेलं मिळाल्याने त्यांनी कमी उष्णता घेतली. फर्नेसच्या तोंडाशी हातात आले तीन अंश. तेवढेही पुष्कळ झाले, खर्च एका व्हॉल्व्हचा.

साफसफाईची यादी करतानाही हाच घोळ होतो. प्रत्येक एक्स्चेंजर स्वच्छ केल्याचा फायदा वेगवेगळा काढून बेरीज करू नका, ती कधीच हाती लागत नाही. पूर्ण ट्रेनचं गणित एकत्र मांडा. सहसा गरम टोकाचे, रेसिड्यूवर (तळाला उरलेल्या जड तेलावर) चालणारे एक्स्चेंजर आधी साफ करणं परवडतं, कारण त्यांनी कमावलेलं मधे खाऊन टाकणारे पुढे फारसे कुणी नसतात.

डिसॉल्टरबद्दल, म्हणजे क्रूडमधलं मीठ पाण्याने धुऊन काढणाऱ्या टाकीबद्दल, थोडक्यात. धुण्याचं पाणी क्रूडच्या चार ते सहा टक्के, तापमान १२० ते १४० अंश, आणि मिक्सिंग व्हॉल्व्हवरचा दाब-फरक हळूहळू वाढवत बघायचा. जास्त घुसळलंत तर इमल्शन बनतं आणि पाणी वरून क्रूडबरोबर पळतं. इथे मीठ सुटलं तर कॉलमच्या (क्रूडचे घटक वेगळे करणाऱ्या मनोऱ्याच्या) माथ्यावर हायड्रोक्लोरिक ॲसिड होऊन उतरतं, आणि मग ओव्हरहेड कंडेन्सरच्या ट्यूबा बदलण्यातच तुमचं वर्ष जातं.

आता फर्नेस. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण एकदा हात भाजता भाजता राहिलेत.

जादा हवा, म्हणजे जळायला लागते त्याहून जास्तीची हवा, काढायचं सूत्र सोपं आहे: धुरातल्या ऑक्सिजनची टक्केवारी भागिले, एकवीसमधून ती टक्केवारी वजा करून उरलेला आकडा. ऑक्सिजन सहा टक्के असेल तर जादा हवा चाळीस टक्के, तीनवर आणलात तर सतराच्या आत. स्टॅक (धुराडं) २५० अंशांवर असेल तर एवढ्यानेच दीड-दोन टक्के इंधन वाचतं. नवीन काही विकत घ्यावं लागत नाही. म्हणूनच सगळे आधी इथेच हात घालतात.

पण तो ऑक्सिजन मोजलाय कुठे? आमचा मीटर स्टॅकच्या पायथ्याशी होता. त्यावर साडेचार दिसत होतं, म्हणून मी एअर रजिस्टर (बर्नरची हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपा) आवळायला लावले. तासाभरात ज्वाळा लांबल्या, लालसर होऊन ट्यूबांकडे झुकायला लागल्या, कन्व्हेक्शन भागाचं (ज्वाळांपुढचा, गरम धुरावर तापणारा भाग) तापमान चढलं. झालं होतं असं, की हेडर बॉक्सच्या (ट्यूबांची टोकं झाकणाऱ्या पेटीच्या) फटींमधून बाहेरची हवा आत शिरत होती. मीटर ती मोजत होता आणि बर्नर मात्र हवेवाचून गुदमरत होते. अशा वेळी हात आपोआप हवेकडे जातो. तो आवरा. आत न जळलेलं इंधन साठलेलं असताना एकदम हवा दिली तर स्फोटाला आमंत्रण. आधी इंधन कमी करायचं, ज्वाळा सावरल्या की मग हवा. त्या दिवशी पॅनलवरच्या माझ्या ज्येष्ठ सहकाऱ्याने मला न विचारता इंधन कमी केलं, म्हणून आज हे सांगतोय.

तेव्हा क्रम असा ठेवा. आधी फटी बुजवा: पीपहोलची (आत बघायच्या भोकांची) झाकणं, हेडर बॉक्स, न पेटवलेल्या बर्नरचे रजिस्टर. आर्चखाली (भट्टीच्या छताखाली) ड्राफ्ट, म्हणजे धुराड्याचा ओढा, उणे दोन ते तीन मिलिमीटर पाण्याइतका राहील असा स्टॅक डॅम्पर (धुराड्यातली झडप) लावा. मग पोर्टेबल ॲनालायझरने आर्चपाशीच ऑक्सिजन आणि कार्बन मोनॉक्साइड मोजा. हवा थोडी थोडी कमी करा, दर वेळी पीपहोलमधून ज्वाळा बघा. कार्बन मोनॉक्साइड शंभर पीपीएमकडे चढू लागला की एक पाऊल मागे या. तीच तुमची जागा. प्रत्येक फर्नेसची ती वेगळी असते, पुस्तकात शोधू नका.

पंपांचं गणित त्यामानाने सरळ. डिस्चार्जचा कंट्रोल व्हॉल्व्ह बाराही महिने तीस टक्केच उघडा असेल तर पंप गरजेपेक्षा मोठा आहे. इम्पेलर (पंपातलं फिरणारं चाक) छाटून घ्या. वीज ढोबळमानाने व्यासाच्या घनाने कमी होते, म्हणजे व्यास दहा टक्के उतरवला तर वीज पाव हिश्श्याहून जास्त वाचते. छाटण्याआधी जास्तीत जास्त थ्रूपुटला (तासाला जाणाऱ्या मालाला) किती हेड (पंपाने द्यायचा दाब) लागतो ते तपासा. छाटलेला इम्पेलर पुन्हा वाढत नाही.

बदल छोटा असला तरी चेंज मॅनेजमेंटचा, म्हणजे बदल आधी तपासून मंजूर करून घेण्याचा, फॉर्म भराच. कंटाळवाणा आहे, मान्य. इंग्लंडमध्ये फ्लिक्सबरोच्या कारखान्यात पाचव्या रिॲक्टरला तडा गेला, तेव्हा तो काढून चौथा आणि सहावा तात्पुरत्या वीस इंची पाइपने जोडले. त्या पाइपाचं रेखाटन खडूने वर्कशॉपच्या फरशीवर काढलं होतं. १ जून १९७४ ला तो जोड सुटला, सायक्लोहेक्झेनचा ढग पेटला आणि २८ माणसं गेली. शनिवार होता म्हणून कार्यालयातले लोक वाचले. आमच्याकडे कुणी ‘तात्पुरतं’ म्हणालं की मी तारीख विचारायचो: कधी काढणार? ती फॉर्मवर लिहून घ्यायची आणि त्या तात्पुरत्या जोडाला टॅग बांधायचा.

बदलानंतरचे आकडे घेताना क्रूडकडे लक्ष ठेवा. आधीची वाचनं मुंबई हायच्या हलक्या क्रूडवर घेतली आणि नंतरची आखाती जड क्रूडवर, तर तुलना कशाशी करणार? तेच मिश्रण, तोच थ्रूपुट, शक्यतो तीच वेळ, कारण दुपारच्या उन्हात एअर कूलरही वेगळा वागतो. तीन दिवस घ्या, मग कागद घेऊन या.