कुत्री दिवस भरण्याआधी गाभडली तर

आठव्या आठवड्यात माझी भुरी गाभडली. तेव्हा आमच्या डॉक्टरांनी फोनवर दोन गोष्टी बजावल्या होत्या: आधी आईकडे बघा, आणि पिल्लं पुरू नका. असा प्रसंग आला की माणसाचं लक्ष मेलेल्या पिल्लांकडेच जातं. ती कुठे पुरायची, मुलांना काय सांगायचं, कुणाचं काय चुकलं. पण पहिले काही तास आईच्या जिवासाठी महत्त्वाचे असतात. असं का झालं याचं उत्तर मिळालं तर ते बहुतेक त्या पिल्लांत आणि वारेतच (पोटात पिल्लाला पोसणारा भाग) मिळतं. खड्ड्यात गेलं की गेलं.

आईची तपासणी घरीच सुरू करा. गुदद्वारात थर्मामीटर लावून ताप बघा. मोठ्या कुत्र्याचं तापमान साधारण ३८ ते ३९.२ अंश सेल्सिअस असतं. ३९.५ च्या वर गेलं तर सकाळची वाट बघू नका. हिरड्या बोटाने दाबून सोडा. रंग लगेच परत यायला हवा, हिरड्या पांढरट दिसता कामा नयेत. ती अर्धा तास जोर देते आहे आणि काहीच बाहेर येत नाही, लाल रक्त थांबत नाही, सारखी थरथरते आहे किंवा उठायला तयार नाही, यातलं काहीही असेल तर ताबडतोब दवाखाना गाठा. काळपट हिरवा स्राव बघून माणूस घाबरतो, पण तो वारेचा रंग असतो आणि वार पडल्यानंतर दिसतोच. पिल्लू बाहेर येण्याआधीच हिरवं दिसलं तर मात्र घाईची गोष्ट आहे, कारण आत वार सुटलेली असते.

सगळं ठीक वाटलं तरी त्याच दिवशी सोनोग्राफी करून घ्या. पोटात पिल्लू किंवा वार अडकून राहिली तर ती सडते आणि गर्भाशयात जंतुसंसर्ग होतो. दुसरं कारण आशेचं आहे. कधीकधी एकदोन पिल्लं पडतात आणि बाकीची आत जिवंत असतात, ती दिवस भरेपर्यंत टिकूही शकतात. सोनोग्राफीत हृदयाचे ठोके दिसतात. ते मिनिटाला २०० च्या वर असणं चांगलं, १८० च्या खाली गेले की पिल्लू संकटात आहे असं समजतात. घरात ऑक्सिटोसिनचं, म्हणजे कळा आणणारं, इंजेक्शन असलं तरी स्वतःहून देऊ नका. आणि माणसांच्या वेदनाशामक गोळ्या तिला कधीही देऊ नका. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन दोन्ही कुत्र्यांना विषारी ठरू शकतात.

आता पिल्लांबद्दल. हातमोजे घाला. पिल्लं आणि वार दुहेरी पिशवीत बांधा, वर तारीख लिहा आणि फ्रिजमध्ये ठेवा. फ्रीझरमध्ये नको, गोठवल्याने पेशी फुटतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली काही वाचता येत नाही. खाण्याच्या वस्तूंपासून लांब, झाकणाच्या डब्यात. शक्यतो दिवसभरात डॉक्टरांकडे पोचवा. हे वाचताना अंगावर काटा येत असेल, मला माहीत आहे. पण कारण शोधायची ही एकच संधी असते.

हातमोज्यांचा आग्रह ब्रुसेला कॅनिस या जंतूमुळे आहे. त्याने गाभडणं बहुतेक ४५ ते ५९ दिवसांच्या दरम्यान होतं, आणि बाहेरून कुत्री ठणठणीत दिसते. पडलेल्या पिल्लांत आणि स्रावात हे जंतू खूप असतात. ते दुसऱ्या कुत्र्यांना लागतात आणि माणसांनाही लागू शकतात. म्हणून रक्ततपासणीचा निकाल येईपर्यंत तिला बाकी कुत्र्यांपासून वेगळं ठेवा. घरातली गरोदर बाई, लहान मुलं आणि प्रतिकारशक्ती कमी असलेली माणसं यांना तिच्या अंथरुणाला हात लावू देऊ नका. जागा आधी साबणाने धुवा, मग पातळ केलेल्या ब्लीचने पुसा.

आईला पिल्लू हुंगू द्यावं का? माझं मत, द्यावं, पण तुम्ही शेजारी बसून. खाऊ देऊ नका. भुरीने एकेकाला नाकाने ढकलून बघितलं, चाटलं आणि स्वतःच मान वळवली. तेव्हाच मी पिल्लं उचलली. एकदम हिसकावून घेतली असती तर तिने जास्त शोधली असती असं मला वाटतं.

एखादं पिल्लू जिवंत जन्मलं तर आधी ऊब, मग दूध. थंड पडलेल्या पिल्लाला दूध पाजू नका. त्याचं पोट चालत नसतं आणि दूध श्वासनलिकेत जाऊ शकतं. पेटीतली हवा ३० ते ३२ अंश ठेवा, पण एक कोपरा जरा गार राहू द्या. कुत्रीचे दिवस ओव्ह्युलेशनपासून, म्हणजे अंडाशयातून बीज सुटल्यापासून, ६३ च्या आसपास भरतात. ५७-५८ दिवसांच्या आधीच्या पिल्लांची फुप्फुसं बहुधा तयार नसतात. सगळं करूनही पिल्लं गेली, तर तुमचे हात कमी पडले असं नसतं.

पुढचे आठवडे दोन गोष्टींवर नजर ठेवा. पहिली स्राव. तो हिरवट-तपकिरी, मग लालसर होत तीन-चार आठवडे थोडा थोडा चालू राहू शकतो. वास यायला लागला, पू दिसला किंवा ती जेवेनाशी झाली तर थांबू नका. दुसरी दूध. पिल्लं नसली तरी तिला पान्हा फुटतो. सड ताठतात, आणि आपला हात आपोआप ते पिळायला जातो. पिळू नका. जितकं काढाल तितकं नवं दूध तयार होतं. गार पाण्यात भिजवलेलं फडकं दिवसातून काही वेळा लावा, चाटू देऊ नका, गाभणपणी वाढवलेला खुराक डॉक्टरांना विचारून कमी करा. पाणी मात्र तोडू नका. एखादं आचळ गरम, कडक, जांभळट झालं, हात लावला की ती गुरगुरली, किंवा दुधाचा रंग बदलला तर ती स्तनाची सूज आहे, त्याला औषध लागतं.

आणि ती पिल्लांना शोधेल. भुरी कपाटाखाली, पलंगाखाली, जिन्याच्या कोपऱ्यात नाक खुपसत फिरायची. मग तिने घरातले मोजे गोळा केले आणि त्यांच्याभोवती वेटोळं करून बसली. कुणी जवळ गेलं की दात दाखवायची. रागावू नका. शरीरातलं प्रोलॅक्टिन हे दूध आणणारं संप्रेरक तिला आईपण करायला लावत असतं. मी ती फिरायला गेली की एकेक मोजा कमी करत गेले, फिरणं वाढवलं, आणि तिची पेटी दुसऱ्या खोलीत हलवली. दोनेक आठवड्यांत हे ओसरलं नाही, तर प्रोलॅक्टिन कमी करणारं कॅबरगोलिन नावाचं औषध आहे. ते डॉक्टरांनीच द्यायचं.

माणसांचंही दुःख असतं, त्याला कमी लेखू नका. माझ्या मुलाने पिल्लांची नावं आधीच ठरवली होती. त्याला मी ‘पिल्लं मेली’ असंच सांगितलं. ‘झोपली’, ‘गावाला गेली’ असलं काही नाही. लहान मूल त्या शब्दांवर विश्वास ठेवतं आणि वाट बघत बसतं. तपासणीसाठी पिल्लं दिली असतील आणि निरोप द्यायचा राहिला असेल, तर ठरवलेली नावं कागदावर लिहून, त्यावर झाड लावूनही तो देता येतो. आम्ही तेच केलं.

आता कारणांकडे. कुत्रीच्या शरीरात गाभ टिकवणारं प्रोजेस्टेरॉन शेवटच्या दिवसापर्यंत अंडाशयातूनच येतं. ते रक्तात मिलिलिटरला दोन नॅनोग्रॅमच्या खाली एक-दोन दिवस राहिलं की गाभ पडतो. मात्र गाभडल्यानंतर काढलेला कमी आकडा काहीच सिद्ध करत नाही, तेव्हा तो तसाही खाली गेलेला असतो. बाकी कारणं म्हणजे ब्रुसेला, कुत्र्यांचा हर्पिस विषाणू, कच्च्या मांसातला साल्मोनेला, ई. कोलाय, गर्भाशयाचा जुना आजार, मधुमेह, पिल्लांतलेच दोष, जोराचा मार, आणि स्टिरॉइडसारखी काही औषधं. रोजचं फिरणं, जिना चढणं यांनी निरोगी गाभ पडत नाही. ३५ दिवसांच्या आधी गेलेली पिल्लं बहुधा शरीर आतच शोषून घेतं, बाहेर काही दिसतही नाही.

भुरीची ब्रुसेलाची तपासणी निगेटिव्ह आली आणि कल्चरमध्ये (जंतू वाढवून बघायची तपासणी) काही वाढलं नाही. कारण सापडलं नाही. असं अनेकदा होतं, पण निगेटिव्ह निकालही पदरात पडलेलं उत्तरच असतं. तिला पुन्हा बाकी कुत्र्यांत सोडता आलं, आणि घरातल्यांची भीती गेली.

पुन्हा गाभण ठेवायची असेल तर आधी नर आणि मादी दोघांचीही ब्रुसेला तपासणी करा. ओव्ह्युलेशनची तारीख रक्ततपासणीने पक्की करा, म्हणजे दिवस नीट मोजता येतील. गाभणपणाच्या मध्यापासून दर आठवड्याला प्रोजेस्टेरॉन बघा. ते बाहेरून देण्याची घाई नको. त्यामुळे मादी पिल्लांत नराची लक्षणं उतरू शकतात आणि बाळंतपण लांबू शकतं. डॉक्टरांनी आकडे बघून ठरवलं तरच. गाभणपणी मनाने कॅल्शियमही देऊ नका, त्याने पुढे उलट रक्तातलं कॅल्शियम घसरण्याचा धोका वाढतो.

आम्ही भुरीला पुन्हा गाभण राहू द्यायचं नाही असं ठरवलं. पण त्यासाठीचं अंडाशय काढायचं ऑपरेशनही लगेच करून मोकळं होता येत नाही. दूध असताना अंडाशय काढले तर खोटं आईपण लांबू शकतं. दूध पूर्ण आटलं आणि मोज्यांचा नाद सुटला, तेव्हा डॉक्टरांनी तिची आचळं चाचपून बघितली आणि मगच ऑपरेशनची तारीख दिली.