डिजिटल आर्ट शिकायला यूट्यूबवर कामाचे व्हिडिओ कसे शोधायचे

माझी भाची गेल्या पावसाळ्यात गच्चीवरनं दिसणारा अजिंक्यतारा काढत होती, फोनवर, आयबिस पेंट या चित्रं काढायच्या ॲपमध्ये. डोंगर हिरवागार, झाडं हिरवीगार, समोरची कौलं लालभडक, सगळं नीट काढलेलं पण किल्ला काही केल्या लांब वाटेना, कठड्याला चिकटवल्यासारखा दिसायचा. ती यूट्यूबवर 'हाऊ टू पेंट माउंटन' शोधत होती आणि समोर येत होते बर्फाचे डोंगर. मी म्हणलं अगं, तुझं अडलंय ते डोंगरापाशी नाही, अंतरापाशी. त्याला अ‍ॅटमॉस्फेरिक पर्स्पेक्टिव्ह म्हणतात, ते टाक. लगेच सापडलं की मधे हवा आणि धुकं जेवढं जास्त तेवढे लांबचे गडद रंग फिके पडतात, राखाडी-निळ्याकडं झुकतात. तिनं किल्ल्याच्या लेयरवर, म्हणजे किल्ला काढलेल्या थरावर, फिक्या राखाडीचा एक लेयर क्लिपिंग करून टाकला, म्हणजे तो रंग किल्ल्याच्या आकाराबाहेर जात नाही, मग त्या राखाडीची ओपॅसिटी कमी करत नेली, म्हणजे ती पारदर्शक करत नेली आणि किल्ला झाला की मागं!

म्हणून आधी आपलं नेमकं काय अडलंय ते साध्या मराठीत वहीत लिहा, मग त्याला चित्रकलेतला शब्द शोधा. चित्र सपाट, मळकट दिसतंय तर 'व्हॅल्यूज', म्हणजे फिक्या-गडद छटा, माणूस लाकडाचा वाटतोय तर 'जेश्चर', म्हणजे शरीराच्या हालचालीचा ओघ, सगळ्या कडा कात्रीनं कापल्यासारख्या दिसतायत तर 'एजेस', म्हणजे कुठली कड ठळक आणि कुठली मऊ ठेवायची ते. नुसतं 'डिजिटल आर्ट ट्युटोरियल' टाकलं तर टाईमलॅप्सच, म्हणजे तासन्‌तासांचं काम भरभर पळवलेले व्हिडिओच, जास्त येतात, ते बघायला भारी असतात पण हात काय करतोय आणि का करतोय ते त्यात कळत नाही.

फिल्टरमध्ये २० मिनिटांच्या वरचे व्हिडिओ निवडा. मग मधलाच कुठलातरी तुकडा लावून दोन मिनिटं ऐका, शिकवणारा 'इथं सावली थंड रंगाची घेतोय कारण उजेड उबदार आहे' असं कारण सांगतोय का, चुकलेलं पुसून परत करताना दाखवतोय का. आणि साधा गोल ब्रश वापरत असेल तर फारच चांगलं. सुरुवातीलाच माझा ब्रश पॅक घ्या म्हणत असेल तर मी तरी पुढं जाते. मी एकदा असाच एक पेड कोर्स घेतलेला, आत सगळं फास्ट फॉरवर्ड, पैसे गेले त्याचं अजून वाईट वाटतं.

कुठनं सुरू करायचं तर शरीररचनेला प्रोको हे चॅनल, म्हणजे स्टॅन प्रोकोपेंको. रंग आणि उजेडाला मार्को बुची. क्रिटा हे चित्रकलेचं फुकटचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर डेव्हिड रेव्हॉय, हा माणूस त्याच्यावर अख्खी कॉमिक्स काढतो. रेघच थरथरत असेल तर ड्रॉअबॉक्स ही चित्रकलेचा पाया शिकवणारी वेबसाइट, ती फुकट आहे आणि त्यांचा एक नियम मला मनापासून पटतो, चित्रकलेचा निम्मा वेळ सरावाला आणि निम्मा स्वतःच्या मनाचं काढायला. इंग्रजी अवघड जात असेल तर सबटायटल लावा आणि स्पीड ०.७५ करा. कॉम्प्युटरवर व्हिडिओ थांबवून स्वल्पविराम आणि पूर्णविरामाची बटणं दाबली की एकेक फ्रेम मागं-पुढं जाते, ब्रशचा फटकारा कुठनं सुरू होतो ते अगदी स्पष्ट दिसतं.

व्हिडिओ जुना आहे म्हणून सोडू नका, उजेड आणि हाडं काही बदलत नाहीत, जुने होतात ते फक्त सॉफ्टवेअरचे मेनू. आणि जमलं तर एकदा सातारा जिल्ह्यातल्या औंधच्या श्री भवानी संग्रहालयात जाऊन खरी तैलचित्रं जवळनं बघा, व्हिडिओत एजेस एजेस म्हणतात ते तिथं डोळ्यांनी दिसतं.

आता ॲपचं. आयपॅड नाही म्हणून प्रोक्रिएट या आयपॅडवरच्या चित्रकलेच्या ॲपचे व्हिडिओ टाळायची गरज नाही, लेयर, मल्टिप्लाय (खालचे रंग गडद करणारा लेयरचा प्रकार), क्लिपिंग हे आयबिस पेंटमध्येही आहे. क्रिटात मात्र क्लिपिंगसाठी दोन्ही लेयर एका ग्रुपमध्ये घ्यायचे आणि वरच्या लेयरचं इनहेरिट अल्फा हे बटण चालू करायचं, भाचीनं लॅपटॉपवर तसंच केलं आणि तोच अजिंक्यतारा तिथं परत काढला.