गालिचा घेताना या चुका टाळा

दुकानात गालिचा टांगलेला असतो, त्यामुळे नजर जाते ती रंगावर आणि नक्षीवर. घरी आणल्यावर त्रास होतो तो मात्र मापाचा आणि गालिच्याच्या मागच्या बाजूचा, म्हणजे पाठीचा.

सगळ्यात जास्त फसगत ३ बाय ५ फुटांत होते. तीन जणांचा सोफा साडेसहा-सात फूट लांब असतो. त्याच्यापुढे एवढासा तुकडा पायपुसण्यासारखाच दिसणार. सोफ्याच्या दोन्ही टोकांना गालिचा निदान ६ इंच बाहेर यावा आणि सोफ्याचे पुढचे पाय त्यावर टेकावेत. म्हणजे ५ बाय ८ किंवा ६ बाय ९. घेण्याआधी तेवढी वर्तमानपत्रं फरशीवर चिकटवून दोन दिवस त्यावरून वावरा. दारही उघडून पाहा: खालची फट १० मिलिमीटर आणि गालिचा १२ मिलिमीटर, की दार अडलंच.

जेवणाच्या टेबलाखाली चारही बाजूंना २ फूट जास्त लागतो, नाहीतर खुर्चीचे मागचे पाय काठावरून घसरतात. ५ बाय ३ च्या टेबलाला ९ बाय ७! त्यावर आमटी सांडणार, आणि हळदीचा डाग लोकरीतून सहजी निघत नाही. तिथे गालिचा नकोच.

आता पाठ. कोपरा उलटून बघा. उत्तर प्रदेशातल्या भदोहीच्या हातगाठीच्या (हाताने एकेक गाठ मारून विणलेल्या) गालिच्यात पुढची नक्षी मागेही गाठीगाठींनी उमटलेली असते आणि झालर म्हणजे ताण्याचेच (विणीतले उभे) धागे असतात. मागे कापड चिकटवलेलं असेल, तर तो बहुधा टफ्टेड: लोकर कापडात टोचून लेटेक्सने, म्हणजे रबरी गोंदाने, धरून ठेवलेली. माल वाईट नसतो, पण काही वर्षांनी लेटेक्स सुकून पिठासारखी पूड खाली पडू लागते. त्याला हातगाठीचा भाव सांगितला, तर पुढचं दुकान गाठा.

स्वस्तातलं ‘सिल्क’ बहुतेकदा व्हिस्कोस, म्हणजे लाकडाच्या लगद्यापासून केलेला रेशमासारखा धागा असतो. पाणी सांडलं की लव कडक होते, पिवळट डाग राहतो. तागावरही पाण्याचा डाग पडतो. मुंबई-कोकणाच्या पावसाळ्यात सुती सतरंजी किंवा पॉलिप्रॉपिलीन (प्लास्टिकचा धागा) बरं.

घरी आणल्यावरची नेहमीची चूक म्हणजे फरशी पुसली की लगेच गालिचा अंथरणं. ओल खाली कोंडते, आठवड्याभरात कुबट वास येतो. फरशी पूर्ण सुकू द्या. गालिचा सरकत असेल, तर खाली जाळीदार रबरी अस्तर घाला, चारही बाजूंनी इंचभर लहान कापून.

नवी लोकर सुरुवातीचे काही महिने गळते, तो दोष नव्हे. व्हॅक्यूमचा फिरता ब्रश बंद ठेवा. वर आलेला धागा ओढू नका, कात्रीने कापा. आणि सोफ्याखालचा अंधारातला भाग महिन्यातून एकदा उचलून झटका. लोकरीला कसर लागते ती तिथेच.